तपासणीपुरती परकी

"हे तू बोलत नाहीस. माझा धैर्या बोलतोय," मी म्हणाले.

माझी सून हर्षदा चहा ओतता ओतता थांबली. पुण्यातल्या त्यांच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर, सकाळची वेळ. मी आदल्या दिवशीच कराडकडच्या आमच्या गावाहून आले होते. आल्यापासून तिच्या मागं लागले होते, की बाई, तुम्ही नवराबायको मिळून ही जी चिप चिप करताय, ती करते तरी काय ते मला कळेल असं सांग. कारण त्याच दिवशी ती ऑफिसातून बाहेर पडायची होती. चिप नव्हे, चिपचा आराखडा. तो तैवानच्या कारखान्यात पोचला की त्याबरहुकूम चिपा तयार होणार. एकदा गेला की त्यातली रेघसुद्धा बदलता येत नाही. म्हणून पाठवायच्या आधी थोरल्या माणसानं कॉम्प्युटरपुढं नारळ फोडायचा, अशी त्यांच्याकडची पद्धत. कंपनी माझ्या लेकाची, तेव्हा थोरलं माणूस मी. कोरी इरकल नेसून मी कधीची तयार होते.

तर हर्षदा सांगत होती. दवाखान्यात शिरेतून औषध सोडायचं एक यंत्र असतं. किती वेगानं सोडायचं ते नर्स ठरवून देते आणि चिप तो वेग राखते. जास्त गेलं तरी माणूस जातो, कमी गेलं तरी जातो.

"समजा, नर्स वेग बदलतेय आणि तेवढ्यात लाइट गेली," ती म्हणाली. "यंत्र बॅटरीवर गेलं. आता कुठला वेग धरायचा, जुना की नवा? तर जुनाच. उसाला पाणी पाजताना दारं धरल्यासारखं आहे, आत्या. मोटर बंद पडून चालू झाली तर पाणी आधीच्याच सरीत जाणार. दुसऱ्या सरीत वळवायला माणूसच यायला हवा. अर्धं मोडलेलं दारं हिशेबात धरायचं नाही."

यावर मी ते वाक्य बोलले. आणि वर विचारलं, "तू कधी दारं धरलंस गं? नाशकाच्या बँकवाल्याची लेक तू. उसाची सरी लांबून तरी बघितलीस का?"

मी आपलं टोचायला म्हटलं. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात आणि आत्यानं सुनेला टोचायचं असतं. एरवी ती हसून उलट काहीतरी बोलली असती. त्या दिवशी तिनं चहाचं भांडं खाली ठेवलं.

"नाही बघितली," ती म्हणाली. "हे त्यांनी सांगितलं होतं मला. जेवताना."

"मग काय झालं? नवऱ्यानं सांगितलं, बायकोनं ऐकलं. आमच्या घरात याच्या उलट होतं, म्हणून मला जरा नवल वाटलं इतकंच."

"आत्या, मी त्यांचं ऐकायचं नसतं. मी तपासणारी आहे."

एवढं बोलून तिनं गॅस बंद केला. चहा तसाच राहिला.

त्यांचं काम कसं वाटलेलं होतं ते सांगते. चिपमध्ये कशानंतर काय व्हायचं ते सगळं रचायचं, हे माझ्या लेकाचं, धैर्यशीलचं काम. गिऱ्हाइकाला यंत्राकडून काय काय हवंय, ते त्यानं एका जाडजूड पुस्तकात लिहून दिलेलं असतं. त्याला ही मंडळी स्पेक म्हणत. हर्षदानं ती स्पेक वाचायची, आपल्या डोक्यानं प्रश्न काढायचे आणि धैर्यशीलची रचना त्या प्रश्नांना पुरी पडते का ते बघायचं. दोघं एकाच कॉलेजात शिकलेली, एकाच घरात राहणारी. जेवायला बसली की एकानं वाक्य सुरू करावं आणि दुसऱ्यानं संपवावं. मध्ये मी बसलेली असायची, मला भाजी कुणी विचारायचं नाही. पण मला त्याचा राग नव्हता. गावात मी सांगायची, आमची सून लेकाच्या खांद्याला खांदा लावून काम करते, तुमच्या सुनांसारखी मोबाइल घेऊन बसत नाही.

ऑफिसात गेलो तेव्हा सगळी कामावरची पोरं उभी होती. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर हिरवे पट्टे आणि खाली शंभर टक्के असा आकडा. मला खुर्ची दिली, हातात नारळ दिला. धैर्यशीलचा भागीदार मकरंद दाते, पुण्याचाच, बोलायला गोड. म्हणाला, "काकू, तीन सह्या व्हायच्या आहेत. धैर्यशीलची झाली, माझी झाली. हर्षदाची झाली की तुमचा नारळ."

हर्षदा पडद्याकडं बघत होती.

"मी सही करत नाही," ती म्हणाली.

मकरंद हसला. त्याला वाटलं, थट्टा आहे.

"शंभर टक्के झालंय, हर्षदा. शंभराच्या वर आकडा नसतो."

"शंभर टक्के म्हणजे मी विचारलेले सगळे प्रश्न पास झाले. प्रश्न कुणाचे होते, ते या आकड्यात येत नाही."

"कुणाचे म्हणजे? तुझे."

"तेच मला सकाळपासून सांगता येत नाहीये."

धैर्यशील पुढं आला. "काय झालं?"

तिनं त्याला ते लाइट जायचं प्रकरण सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर आहे की. जुनाच वेग. तीच रचना आहे, आणि तुझी तपासणीही तेच म्हणते."

"तेच म्हणते, धैर्यशील, कारण तू मला तेच सांगितलंस."

घरात माझ्यापुढं ती त्याला अहो म्हणायची. नाव घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. ऑफिसात तशीच रीत असेल, पण मला ते कानाला टोचलं.

"मग गिऱ्हाइकाला एक फोन कर," धैर्यशील म्हणाला. "विचार, तुम्हाला हेच हवं होतं का. पाच मिनिटांचं काम."

"हा एक विचारीन. हा मला आत्यांमुळं सापडला म्हणून. पण असे बाकीचे किती? तीन वर्षं आपण जेवताना बोलतोय. तुझं काय आणि माझं काय, हे मला आता वेगळं करता येत नाही. तू कुठं चुकला असशील तर मीही तिथंच चुकलेय, आणि पडद्यावर दिसणार हिरवंच."

"माझ्यावर शंका आहे तुझी?"

"तुझ्यावर नाही. मी तिथं नव्हतेच, अशी शंका आहे."

मला तेवढं कळलं. परीक्षेचा पेपर काढणारी आणि पेपर सोडवणारा एकाच ताटात जेवत होते, आणि मार्क शंभर पडले होते.

मकरंदचा गोडवा आटला. "कारखान्याची ही खेप चुकली तर पुढची दोन महिन्यांनी. गिऱ्हाईक थांबेल का? आपण थांबू का? ही आपली पहिली चिप आहे, हर्षदा. ही गेली तर कंपनी गेली. आणि तीन वर्षं तू काय केलंस, असं कुणी विचारलं तर काय सांगू?"

"खरं ते सांग."

धैर्यशील माझ्याकडं वळला. लहानपणी सरांनी वर्गाबाहेर काढलं की असाच बघायचा. "आई, तू तरी सांग हिला."

"काय सांगू? सही कर म्हणू? मला त्यातलं काय कळतं?" मी म्हणाले. "आणि रे, तुझ्या सांगण्यानं सही करायची असेल, तर तिची तिसरी सही कशाला ठेवलीस? तूच दोनदा करायचीस."

कुणीतरी पोरगं मागं हसलं. मी नारळ टेबलावर ठेवला. थोरलं माणूस म्हणून मला बोलावलं होतं आणि माझ्यापुढं असा तमाशा झाला, याचा मला संताप आला होता. पण पोरगी खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणारं माणूस मला उंबऱ्यातूनच कळतं.

मग त्या तिघांत बराच वेळ चाललं. दुसरा जाणकार आणावा म्हटलं तर दोन महिन्यांत एवढं काम उचलणारं कुणी मिळेना. शेवटी हर्षदा म्हणाली, "मीच करते. पहिल्यापासून. पण या घरात राहून नाही. भिंत हवी मध्ये. मोठ्या कंपन्यांत असतेच. रचणारा आणि तपासणारा एकमेकांशी बोलत नाहीत. आपण नवराबायको म्हणून ठेवली नव्हती."

"कुठं जाणार? नाशिकला?" धैर्यशीलनं विचारलं.

"आई-बाबा तुला फोन करतील. तुझ्याबद्दल बोलतील." ती माझ्याकडं वळली. "आत्या, मी तुमच्याबरोबर येते. तुम्ही कुणाचं ऐकत नाही."

आता ही स्तुती की शिवी, ते मी तेव्हा विचारलं नाही. दोघी दुपारीच गाडीत बसलो.

गावात घर पक्कं आहे. खाली बसाउठायचा सोपा, स्वयंपाकघर, वर गच्चीवर एक खोली. ती मी तिला दिली. कॉम्प्युटर, स्पेकचा तो गठ्ठा आणि एक पंखा. सकाळी आंघोळ करून वर जायची ती जेवायला खाली यायची आणि परत वर.

दुसऱ्याच दिवशी शेजारची रखमाक्का आली. "गोजराबाई, सून रुसून आली म्हणं."

"रुसलेली सून माहेरी जाते, सासरी येत नाही. एवढंही ठाऊक नाही का तुला?"

"मग नवरा कुठाय?"

"तिला त्याच्यापासून लांब राहून त्याच्या कामातल्या चुका काढायच्यात."

"त्याला लांब कशाला जायला लागतंय?" रखमाक्का म्हणाली. "मी तर शेजारी निजून काढते."

हर्षदा वरून हसली. तिचं हसू मला त्या मुक्कामात फार वेळा ऐकू आलं नाही, म्हणून ते लक्षात आहे.

फोन माझ्याकडं असायचा. धैर्यशीलनं तिला करायचा नाही असं ठरलं होतं, म्हणून तो मला करायचा.

"आई, हर्षदाला एवढंच विचार..."

"नाही विचारत."

"अगं, ऐकून तरी घे."

"जेवलास का?"

"आई!"

"काय जेवलास?"

"मिसळ."

"सकाळी का रात्री?"

"दोन्ही वेळा."

"मर मग," म्हणून मी फोन ठेवायची. त्याच्या तोंडून चिपचा च निघाला की मला तो ऐकूसुद्धा यायचा नाही. भिंत हवी होती ना, मी भिंत झाले होते. अशी कामं मला चांगली जमतात.

पण वर काय चाललं होतं, ते मला हळूहळू दिसायला लागलं. मी ताक घेऊन गेले की ती पान उघडून डोळे मिटून बसलेली असायची. ओठ हलत असायचे. मला वाटायचं, जप करते की काय.

"काय पुटपुटतेस?"

"काही नाही. वाक्य वाचते. मग बघते, हे मला स्पेक सांगतेय की दुसरं कुणी."

एकदा जेवताना म्हणाली, "डिझायनरनं तिथं दोन वाटा ठेवल्या असतील तर मला दोन्ही तपासायला हव्यात."

"डिझायनर कोण?"

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "ज्यानं रचना केली तो."

"नवऱ्याला डिझायनर म्हणतेस?"

"काम होईपर्यंत, आत्या."

मला ते आवडलं नाही. पण काम होईपर्यंत म्हणाली होती. म्हटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे.

एका रविवारी धैर्यशील न सांगता आला. दारात गाडी थांबलेली ऐकली तशी मी सोप्यात येऊन उभी राहिले. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. हातात नाशिकचा चिवडा, तिच्या आवडीचा.

"वर जायचं नाही," मी म्हणाले.

"नाही जात. इथं बसतो. जेवायला तरी वाढशील?"

मी वाढलं. पिठलं, भाकरी, लसणाची चटणी. तो सोप्यात जिन्याकडं तोंड करून बसला. घास तोंडात आणि नजर जिन्यावर. चिवड्याची पिशवी मांडीशी.

थोड्या वेळानं त्याला राहवेना. त्यानं वर तोंड करून हाक मारली, "हर्षदा! मी कामाचं अक्षर बोलणार नाही! नुसती खाली ये!"

मग तिचा आवाज आला, दाराच्या आतूनच.

"तुमच्या चेहऱ्यावरून कळतं मला."

"काय कळतं?"

"मी बरोबर चाललेय की चुकतेय ते. मी नुसतं एखादं नाव घेतलं तरी तुमचा चेहरा सांगेल. नका ना बसू तिथं."

धैर्यशीलनं हात धुतला. पानातली अर्धी भाकरी तशीच होती. मी म्हटलं, "पुरं जेव." तो म्हणाला, "झालं." आमच्या घरात पानात टाकत नाहीत. त्या दिवशी मी ते पान तसंच उचललं. तो गेल्यावर चिवड्याची पिशवी वर नेऊन दिली. ती खिडकीशी उभी होती, पण खिडकी लावलेली होती.

"गेला," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली.

त्यानंतर मात्र तिचं काम भराभर पुढं सरकायला लागलं. डोळे मिटून बसणं थांबलं. ताक नेलं की "ठेवा आत्या" म्हणायची आणि बोटं चालत राहायची. चेहरा शांत झाला होता. मला वाटलं, चला, पोरीनं डोंगर चढला.

काम संपलं तेव्हा आम्ही दोघी पुण्याला गेलो. ऑफिसात पुन्हा तीच खोली, तोच पडदा, पुन्हा हिरवे पट्टे. मकरंदनं विचारलं, "किती चुका निघाल्या?"

"डिझाइनमध्ये एकही नाही," हर्षदा म्हणाली. "गिऱ्हाइकाला मी जे जे विचारलं, त्या सगळ्यांत त्यांना तेच हवं होतं. ते लाइट जायचंसुद्धा. चुका माझ्या जुन्या तपासण्यांत होत्या. निम्म्याहून जास्त तपासण्या धैर्यशीलच्याच डोक्यातल्या निघाल्या, फक्त लिहिल्या मी होत्या. त्या काढून टाकल्या, नव्या केल्या. सगळ्या पास."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. धैर्यशील आधी हसला, मग त्याचं हसू अर्ध्यावर थांबलं.

"म्हणजे मी बरोबर होतो."

"हो."

"सगळीकडं."

"हो, सगळीकडं."

"मग हे दोन महिने कशासाठी होते, हर्षदा? तेव्हाही बरोबर होतं, आताही बरोबर आहे."

"आता बरोबर आहे," ती म्हणाली. "तेव्हा आपल्याला तसं वाटत होतं."

"मला माहीत होतं."

"मला नव्हतं. मी तपासायला होते."

तिनं सही केली. मी नारळ फोडला, पाणी उडालं, पोरांनी टाळ्या वाजवल्या, मकरंदनं पेढे वाटले. धैर्यशीलनं तिला पेढा दिला. तिनं हातात घेतला आणि "थँक यू" म्हणाली.

काही महिन्यांनी चिपा तयार होऊन आल्या. पहिल्या झटक्याला चालल्या. असं फार क्वचित होतं म्हणे. गिऱ्हाइकाला ती भिंतीची हकिगत कळली तेव्हा ते तर खुळ्यागत खूष झाले. पुढची चिपही यांनाच दिली, पण अट घातली की भिंत तशीच ठेवा. मकरंद नव्या गिऱ्हाइकांपुढं सांगायला लागला, "आमच्याकडं डिझाइन करणारा आणि तपासणारी एका शब्दानं बोलत नाहीत, हीच आमची क्वालिटी." लोक माना डोलवायचे. हर्षदानं ऑफिसाजवळ एक खोली घेतली. पुढच्या कामापुरती, असं धैर्यशीलनं मला फोनवर सांगितलं. पुढचं काम संपलं, त्याच्या पुढचं आलं. खोली सुटली नाही.

मी दोघांना गावी बोलावून घेतलं. आजारी आहे म्हणून निरोप दिला. तो त्याच्या गाडीनं आला, ती एसटीनं. मी धडधाकट सोप्यात बसलेली बघून दोघांनी दारातच पिशव्या खाली ठेवल्या.

"बसा," मी म्हणाले. "या भावकीतली बांधाची, पाण्याची, वाटणीची भांडणं मी मिटवलीत. तुमचं काय आहे ते एकेकानं सांगा."

"भांडण नाही, आई," धैर्यशील म्हणाला.

"हात उचललास?"

"आई!"

"बाहेर कुणी आहे?"

"त्यांचं तसलं काही नाही, आत्या," हर्षदा म्हणाली. "माणूस चांगला आहे."

स्थळाची चौकशी करून आल्यावर सांगतात तशा आवाजात तिनं ते सांगितलं. धैर्यशीलनं मान खाली घातली. मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "प्रवास नीट झाला का?"

"हो. जागा मिळाली खिडकीची. तुम्हाला घाटात ट्रॅफिक लागलं का?"

"थोडं."

आजवर मिटवलेल्या भांडणांत निदान भांडण तरी असायचं. दोन माणसं एकमेकांची आई-बहीण काढायची, म्हणजे काहीतरी धरून ठेवलेलं असायचं. इथं मिटवायला काही नव्हतं. दोघं सभ्यपणानं बसली होती.

संध्याकाळी हर्षदा चुलीशी माझ्याजवळ येऊन बसली. मी तिला म्हणाले, "मला तुझं खरं सांग. ते दोन महिने इथं काय केलंस?"

"काम, आत्या."

"कसलं काम? वर बसून पुटपुटायचीस ते काय होतं?"

तिनं चुलीपुढची राख काडीनं सारखी केली.

"प्रत्येक पानाला मी स्वतःला सांगायची, या माणसाला तू भेटलेली नाहीस. याचा आवाज तू ऐकलेला नाहीस. याला काय वाटेल ते तुला ठाऊक नाही. नाहीतर तपासणी खोटी झाली असती. पहिल्यांदा जमायचंच नाही. वाक्य वाचलं की त्यांचंच बोलणं ऐकू यायचं, हसणंसुद्धा. त्या रविवारी ते येऊन गेले ना, त्यानंतर एक दिवस ऐकू यायचं थांबलं. मला केवढा आनंद झाला. म्हटलं, आता खरं काम होईल."

"मग?"

"मग काम झालं. ते मात्र परत ऐकू आलं नाही."

मला कधी शब्द कमी पडत नाहीत, गावात कुणालाही विचारा. मी लाकूड आत सारलं, बाहेर ओढलं, परत आत सारलं.

"अगं, मग नव्यानं भेटा," मी म्हणाले. "लग्नाआधी माणसं भेटतातच की. तोच आहे ना तो?"

"भेटलो, आत्या. जेवायला गेलो होतो दोनदा. बोलले, हसले. मला आवडले ते." तिनं पदराच्या टोकानं कपाळाचा घाम पुसला. "पण त्यांचं वाक्य अर्ध्यावर थांबलं की मला पुढचं सुचत नाही. मी वाट बघत बसते. आणि त्यांना ते कळतं."

"तू रडत का नाहीस मग?"

"कुणासाठी रडायचं तेच सापडत नाही."

याला आता पुष्कळ वर्षं झाली. दोघं आपापल्या जागी चांगली आहेत, आपापल्या कामात नावाजलेली आहेत. त्या चिपा कितीतरी दवाखान्यांत चालतात. आजवर त्यांच्याबद्दल एक वाईट शब्द माझ्या कानावर आलेला नाही.

चुलीशी बसून बोललो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाली. आमच्यात नवराबायको जोडीनं पाया पडतात. शेजारी शेजारी उभी राहतात, एकदम वाकतात, आणि थोरलं माणूस दोघांच्या डोक्यावर एकेक हात ठेवून एकच आशीर्वाद देतं. लग्न झाल्यापासून ही दोघं अशीच वाकायची. धैर्यशील पुढं आला, तेव्हा मी सवयीनं दोन्ही हात उचलले. हर्षदा मात्र दारापाशीच थांबली. बँकेच्या रांगेत पुढच्याचं होईपर्यंत माणूस जसं थांबतं, तशी. त्याचं झालं, तो बाजूला सरला, तिला वाट करून दिली. मग ती आली आणि वाकली.

दोघांना मिळून द्यायचा आशीर्वाद मला पाठ होता. एकेकट्याला काय द्यायचा ते मला सुचेना. त्याला म्हणाले, "सांभाळून जा." आणि तिलाही तेच म्हणाले.